विहिरीचा उपसा आणि ओढ्याचा उन्हाळी झरा

पावसाळा संपून तीन-चार महिने लोटले आणि आकाशात ढगाचा मागमूसही राहिला नाही, तरी काही ओढे वाहतच असतात. हे पाणी येते कोठून, असे विचारल्यास बहुतेक शेतकरी ‘झऱ्याचे’ असे उत्तर देतात आणि ते बरोबरच आहे. परंतु हा झरा म्हणजे विहिरीतील पाण्याहून निराळे असे काही पाणी नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी उताराच्या दिशेने सावकाश सरकत असते. खालच्या अंगास जेथे जमिनीचा पृष्ठभाग या पाण्याच्या पातळीशी येऊन भिडतो, तेथे ते पाझररूपाने बाहेर पडते व ओढ्यास मिळते. वाटेत विहीर खणून ते उपसले की तेवढे पाणी ओढ्यापर्यंत पोचत नाही. विहीर गावाच्या नळयोजनेची असो वा बागाईतदाराची, हिशेब एकच.

हा हिशेब नदीकाठी पडताळून पाहणे अवघड जाते. वरून येणारे पाणी, धरणातून सोडलेले पाणी, कालव्याचा पाझर अशा अनेक गोष्टी त्यात मिसळतात. समुद्राने वेढलेल्या एखाद्या टेकडीवर मात्र तो स्वच्छ मांडता येतो, कारण तेथे पाण्याची आवक पावसाखेरीज दुसरी नाही आणि जावक समुद्राखेरीज दुसरीकडे नाही. मुंबईतील वरळी हे असे एक स्थळ आहे.

वरळीच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेच्या टोकास कोळीवाडा व जुना किल्ला, आणि मधोमध काळ्या पाषाणाची लांबट टेकडी. टेकडीच्या पूर्वेस आज दाट वस्ती असली, तरी पूर्वी तो सखल खाजणाचा भाग होता. वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी त्यात शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हॉर्नबी वेलार्ड’ या नावाने ओळखला जाणारा बांध घालून ते खिंडार बुजविण्यात आले. म्हणजे मुळात या टेकडीच्या दोन्ही अंगांस खारे पाणी होते. टेकडीतील लाव्हाच्या थरांच्या मध्ये प्राचीन तळ्यातील गाळाचे थर सापडतात. त्यांत लहान बेडकांचे शिळारूप अवशेष मिळाल्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून भूशास्त्रज्ञांना वरळीचे नाव परिचित आहे. आज जेथे गोड्या पाण्याचा एखादा ओहोळही दृष्टीस पडत नाही, तेथे एके काळी गोड्या पाण्याचे तळे होते, असा त्या बेडकांचा दाखला आहे.

समुद्राच्या इतक्या निकट असूनही जमिनीत गोडे पाणी कसे टिकते, हा प्रश्न साहजिक आहे. मुंबईत याची उदाहरणे थोडी नाहीत. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून त्यातील पाणी गोडे आहे. चर्चगेटजवळची भिकाजी बेहराम यांची विहीर इ. स. १७२५ मधील असून तिच्या पाण्याच्या गोडीची ख्याती आजही आहे. याचे कारण असे की गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा वजनाने हलके असते. एक हजार लिटर गोडे पाणी एक हजार किलो भरले, तर तेवढेच समुद्राचे पाणी सुमारे एक हजार पंचवीस किलो भरते. त्यामुळे जमिनीत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बर्फाचा खडा पाण्यावर तरंगताना थोडासा वर व पुष्कळसा खाली असतो, तसाच हा प्रकार. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांच्या अभ्यासातून निघाला. आपल्या भेगाळ पाषाणास तो तंतोतंत लागू पडत नाही, परंतु दिशा तीच. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारे पाणी अर्धा मीटर चढत नाही, वीस मीटर चढते! किनाऱ्यावरील विहीर हळूहळू खारट न होता एखाद्या उन्हाळ्यात अकस्मात मचूळ झाल्यासारखी वाटते, ती यामुळे.

आता वरळीचा जमाखर्च मांडून पाहू. मुंबईत वर्षास सुमारे दोन हजार दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर जमिनीवर दोन कोटी वीस लाख लिटर. त्यातील दहावा हिस्सा मुरतो असे धरले, तर बावीस लाख लिटर, अर्थात दिवसास सुमारे सहा हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण दरडोई दिवसास १३५ लिटर धरतात. त्या मानाने एका हेक्टरच्या मुरलेल्या पाण्यावर चव्वेचाळीस माणसांची सोय होईल. वरळी ज्यात मोडते त्या महापालिकेच्या ‘जी दक्षिण’ विभागाचे क्षेत्र सुमारे एक हजार हेक्टर असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. म्हणजे हेक्टरी पावणेचारशे माणसे. गरज पुरवठ्याच्या आठपटींहून अधिक झाली. शिवाय जे चव्वेचाळीस माणसांचे पाणी म्हणून दाखविले, तेही सर्वच्या सर्व उपसता येत नाही. त्यातील काही भाग सतत समुद्राकडे वाहत राहिला तरच खारे पाणी बाहेर थोपविले जाते. समुद्रात जाणारे हे पाणी वाया गेले असे म्हणण्याची सर्वसाधारण पद्धत आहे, ती चुकीची आहे. ते पाणी राखणीचे काम करीत असते.

मुंबईस हे कळावयास फार दिवस लागले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शहर विहिरी व तलाव यांवरच अवलंबून होते. इ. स. १८३१ च्या सुमारास फ्रामजी कावसजी यांनी स्वखर्चाने गिरगावच्या मुगभाटातील आपल्या बागेत विहिरी खणून, वाफेच्या यंत्राने पाणी चढवून ते नळाने वस्तीला पुरविले. विहिरीचा यांत्रिक उपसा करून सार्वजनिक पुरवठा करण्याचा हा शहरातील एक आरंभीचा प्रयत्न होय. तथापि वस्ती वाढत गेली तशा उन्हाळ्यात विहिरी आटू लागल्या, आणि शेवटी शहराला पाण्यासाठी बेटाबाहेर जावे लागले. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. त्यामागून तुळशी (१८७९), तानसा (१८९२), वैतरणेवरील मोडक सागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) असे टप्पे झाले. आज शहरास दररोज सुमारे तीनशे पंच्याऐंशी कोटी लिटर पाणी मिळते व ते जवळजवळ सर्व तलाव-धरणांचे आहे. जुन्या विहिरींवर दुसरे संकट हिवतापाचे आले. डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानंतर डासांची पैदास रोखण्यासाठी पुष्कळ विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. वरळीची जमीन तहानेच्या ओझ्यातून सुटली ती पाणी निर्माण झाले म्हणून नव्हे, तर ते दुसरीकडून आणले म्हणून. मिठी नदीच्या उगमाचे पाणी विहारच्या बांधाने अडले. तानसा व वैतरणा यांचे पाणी शहापूर-मोखाड्याकडून नळाने येते. वरळीत वापरले गेल्यावर ते सांडपाण्याच्या वाहिनीने समुद्रात सोडले जाते. म्हणजे तानसेच्या खोऱ्यातून निघालेला लिटर पुन्हा तानसेस मिळत नाही. धरण हे उघड्यावर असल्याने हे सर्वांना दिसते आणि त्याबद्दल वाद होतात, करार होतात, पाणी सोडण्याची मागणी होते. विहिरीच्या बाबतीत तोच व्यवहार जमिनीखाली घडतो, म्हणून त्याची दाद कोणी मागत नाही.

जमिनीखालचा हा व्यवहार जेथे अत्यंत स्पष्टपणे उघडकीस आला तो प्रदेश म्हणजे दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांचा. खडू हा मृदू, पांढरा, भेगाळ चुनखडक होय. तेथे पाऊस आपल्या कोकणाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही, पण तो वर्षभर रिमझिम पडतो आणि हिवाळ्यात सावकाश मुरतो. खडकाची पाणी धरण्याची जाडी मोठी असल्याने तेथील नद्यांना वर्षभर झऱ्यांचेच पाणी मिळते. काही नद्यांच्या वार्षिक प्रवाहाचा नऊ-दशांश भाग भूजलाचा असतो. पाणी नितळ, थंड व एकसारखे वाहणारे. हेच स्वच्छ पाणी नळयोजनांना सोयीचे पडले. लंडनच्या आसपासच्या परगण्यांत खडूमध्ये खोल विहिरी घेऊन यंत्रांनी उपसा सुरू झाला आणि विसाव्या शतकात तो वाढतच गेला. परिणाम असा झाला की नद्यांचे उगम दरीतून खाली खाली सरकू लागले. वरचे कित्येक मैल कोरडे पडले आणि पुलांखाली गवत वाढले. हर्टफर्डशर परगण्यातील व्हेर नदीच्या वरच्या भागात हेच झाले. तेथील रहिवाशांनी पाठपुरावा केल्यावर उगमाजवळील उपसा केंद्र १९९३ साली बंद करण्यात आले, आणि पुढे त्या भागात नदी पुन्हा वाहू लागली. नदी पाऊस कमी झाल्यामुळे आटली की उपशामुळे, हा वाद अशा ठिकाणी नेहमी होतो. येथे उपसा थांबवून त्याचा निकाल लागला.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण खडूहून फार भिन्न दिसतो. परंतु एका बाबतीत दोहोंत साम्य आहे. दोन्ही खडकांत पाणी खेळते ते भेगांमधून, आणि दोहोंतून प्रत्यक्ष निथळून मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या मानाने शेकडा एक-दोन भाग, फार तर तीन भाग इतकेच. फरक पडतो तो जाडीत. आपल्याकडे वरचा मुरूम, त्याखालचा कुजका मांजऱ्या खडक व भेगाळ पाषाण मिळून पाणी धरणारा थर बहुधा दहा-वीस मीटरांचा असतो. त्याखाली अखंड कातळ लागतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही माघ-फाल्गुनात ओहोळ कोरडे पडतात, याचे कारण पावसात नसून कोठाराच्या लहानपणात आहे. भाद्रपदात भरलेले हे कोठार पुढील आठ महिने झिरपत असते. लहान कोठारावर थोडाही जास्त उपसा पडला की त्याचा परिणाम खडूच्या प्रदेशापेक्षा लवकर दिसतो.

किती लवकर, हे विहिरीच्या अंतरावर अवलंबून आहे. सर्वसाधारण भेगाळ पाषाणाचे आकडे घेऊन हिशेब केला, तर ओढ्यापासून शंभर मीटरवरील विहिरीचा परिणाम ओढ्यावर चार-पाच दिवसांत जाणवू लागतो. एक किलोमीटरवरील विहिरीचा परिणाम जाणवावयास वर्षाहून अधिक काळ लागतो. अंतर दहापट झाले की काळ शंभरपट होतो. जागोजागी खडक निराळा असल्याने हे आकडे ठोकताळ्याचे समजावेत. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. लांबच्या विहिरीने ओढ्याचे काही बिघडले नाही असे पहिल्या वर्षी दिसले, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिचा हिशेब मागाहून येतो. उलट उपसा थांबविल्यावर ओढा त्याच हंगामात सुरू होईल अशी अपेक्षाही धरू नये. सुरुवातीस विहीर आपले पाणी आसपासच्या कोठारातून घेते, कालांतराने ओढ्याच्या वाट्यातून घेते. चार्ल्स थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९४० साली हे तत्त्व सुस्पष्टपणे मांडले.

या सर्वांचा दोष गावाच्या नळयोजनेवर टाकावा काय? त्यासाठी मोजमाप पाहणे इष्ट. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरते असा एक ओहोळ घेतला, तर तो सेकंदास तीन लिटर, म्हणजे दिवसास सुमारे दोन लाख साठ हजार लिटर वाहतो. एक हजार वस्तीच्या गावास दरडोई पंचावन्न लिटरप्रमाणे दिवसास पंचावन्न हजार लिटर पाणी लागते. म्हणजे या लहानशा ओहोळात चार-पाच गावांच्या पिण्याच्या पाण्याइतके पाणी आहे. आता शेताकडे पाहा. एक एकरास पाच सेंटिमीटरची एक पाळी देण्यास दोन लाख लिटर लागतात. सेकंदास दहा लिटर पाणी उचलणारा लहान पंप ओहोळाचा सबंध दिवसाचा प्रवाह सुमारे सात तासांत संपवितो. इंग्लंडच्या खडू प्रदेशात नद्यांवरचा मुख्य भार सार्वजनिक पुरवठ्याचा आहे. महाराष्ट्रात भूजलाचा फार मोठा भाग सिंचनाकडे जातो, आणि म्हणून येथे नळयोजना ही बहुधा अपराधी नसून तीच आधी कोरडी पडते. ओढ्याच्या टोकाला वायंगणी भात वा भाजीपाला करणारा शेतकरी आणि गावाची पाणवठ्याची विहीर हे दोघे एकाच पंगतीत शेवटी बसलेले असतात.

यास्तव महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे विनियमन करणारा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत, त्याच पाणलोट क्षेत्रात, परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असे त्यात होते. पुढे त्याची जागा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने घेतली, व तो जून २०१४ पासून अंमलात आला. पाचशे मीटर ही रेषा व्यवहारासाठी आखलेली आहे. वर दिलेला काळाचा हिशेब पाहता, सहाशे मीटरवरील विहीर पाणी ओढीत नाही असा तिचा अर्थ घेऊ नये.

किनाऱ्यावरील बागाईतदारांना यापुढील भाग अधिक लागू आहे, कारण तेथे खालच्या अंगास ओढा नसून समुद्र असतो आणि वरळीचा जमाखर्च जसाच्या तसा लागू पडतो. मुंबईच्या उत्तरेस वसईचा पट्टा केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध. तेथे पूर्वी रहाटाने पाणी काढीत. रहाटाची ओढ मंद असल्याने विहिरीस पुन्हा भरण्यास उसंत मिळे. जोडीला ‘बावखले’ म्हणून ओळखली जाणारी लहान तळी असत व त्यांतून पावसाचे पाणी मुरे. पंप आले, नागरी वस्ती वाढली, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या उपशाविरुद्ध व बागा उठवून होणाऱ्या बांधकामांविरुद्ध ‘हरित वसई’च्या नावाने लोक संघटित झाले. तो लढा अनेक बाबींचा होता. पण त्याच्या मुळाशी असलेली शेतकऱ्याची धास्ती अगदी साधी होती. विहीर एकदा खारी झाली की पानवेल जगत नाही, आणि खारेपणा धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

मुंबईतही जमिनीत पाणी परत घालण्याचा विचार उशिरा का होईना सुरू झाला आहे. २००२ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना छपरावरील पावसाचे पाणी साठविणे वा मुरविणे सक्तीचे करण्यात आले व पुढे ही मर्यादा तीनशे चौरस मीटरांवर आणली गेली. वरळीसारख्या ठिकाणी अशा पाण्याचा उपयोग बागेस होतो त्याहून अधिक समुद्राला बाहेर ठेवण्यास होतो. शेतकऱ्यास हे काम शहरापेक्षा स्वस्तात साधते. ओहोळावर कार्तिकात घातलेला दगड-मातीचा वा पोत्यांचा कच्चा बंधारा, बांधबंदिस्ती आणि बुजत चाललेली तळी गाळ काढून मोकळी करणे, ही परिचयाची कामे आहेत. मात्र बंधाऱ्यामागे थांबलेले पाणी पाहून त्याच्याच काठी नवा पंप बसविला, तर ओढ्याच्या खालच्या भागास काहीच मिळत नाही. हे कित्येक गावांत घडते.

उपसा किती झेपतो हे ठरविण्यास खर्चिक साधन लागत नाही. मार्गशीर्षापासून दर अमावास्येस ओहोळाच्या काठाने वर चालत जावे, व पहिले वाहते पाणी जेथे दिसेल तेथे खुंटी ठोकून तारीख लिहून ठेवावी. महिनोमहिना ही जागा खाली सरकत जाईल, ते स्वाभाविक आहे. पाऊस सारखाच झालेल्या दोन वर्षांत त्याच महिन्याची खुंटी खाली गेली असेल, तर वरच्या अंगास उपसा वाढला असे समजण्यास जागा आहे. त्याच दिवशी जवळच्या दोन-तीन विहिरींची पातळी पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी दोरीने मोजावी. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात क्षार-तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवावे. जिभेस मचूळपणा कळेपर्यंत थांबल्यास नाजूक पिकांची हानी होऊन गेलेली असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत घेते. गावाची वही त्या आकड्यांशी ताडून पाहावयाची असल्यास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करावी.